एफएसआयच्या पलीकडे: इमारत रस्त्याला कशी भेटते

मागच्या भागात आपण शहराच्या सांडपाण्याबद्दल बोललो, म्हणजे जमिनीखालच्या गोष्टींबद्दल. आज जमिनीच्या वर येऊ. आणि सुरुवात माझ्या घरापासूनच करतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच शिरला.

पुण्यातली आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. ४८ सदनिका, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे पुनर्विकास हवाच आहे, त्याबद्दल वाद नाही. बिल्डरच्या माणसांनी हॉलमध्ये पडदा लावून सादरीकरण केलं. कारंजं दाखवलं, गच्चीवरचा जॉगिंग ट्रॅक दाखवला. मग प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न, कार्पेट किती? दुसरा प्रश्न, सध्यापेक्षा किती टक्के जास्त? तिसरा प्रश्न मी विचारला आणि तोही तोच होता, फक्त वेगळ्या शब्दांत. फौजेत ३२ वर्षं काढून मीसुद्धा चौरस फुटांवरच अडकलो.

घरी येऊन नकाशे पसरले तेव्हा जरा थंड डोक्यानं पाहिलं. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला गाड्यांना. माणसं तिसऱ्या मजल्यापासून वर. रस्त्याच्या बाजूला साठ मीटर लांबीची भिंत, तिच्यात एक गेट आणि गाड्यांचा रॅम्प. आज त्याच साठ मीटरमध्ये किराणा दुकान आहे, इस्त्रीवाला आहे, एका डॉक्टरांचा दवाखाना आहे, झेरॉक्सवाला आहे आणि कोपऱ्यावर चहा. नव्या नकाशात यातलं काही नाही. मी वास्तुविशारदांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सर, सगळं नियमात बसतंय." मी नियम काढून वाचले. त्यांचं म्हणणं खरं होतं.

आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे. इतकं सगळं नियमात बसतं, तर मग नियम नेमकं बघतात तरी काय?

आपल्याकडची विकास नियंत्रण नियमावली, मग ती महाराष्ट्रातली असो, गुजरातची की कर्नाटकची, मुख्यतः तीन गोष्टी विचारते. या जमिनीवर काय चालणार? म्हणजे राहणं, व्यापार की कारखाना. दुसरं, किती बांधणार? आणि तिसरं, शेजाऱ्यापासून आणि रस्त्यापासून किती जागा सोडणार? या सोडलेल्या जागेला सरकारी मराठीत सामासिक अंतर म्हणतात. "किती बांधणार" याचं माप म्हणजे एफएसआय, मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. दिल्लीकर, बेंगळुरूकर मंडळी यालाच एफएआर म्हणतात. सगळ्या मजल्यांचं क्षेत्रफळ भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ, एवढाच हिशेब.

आता हातात कागद घ्या. हजार चौरस मीटरचा प्लॉट, एफएसआय एक. म्हणजे एकूण हजार मीटर बांधकाम. तुम्ही अर्ध्या प्लॉटवर दोन मजले बांधा, मध्ये चौक सोडा, पुढे ओटा काढा, वाड्यासारखं घर झालं. पाव प्लॉटवर चार मजले चढवा, चाळ किंवा सोसायटी झाली. एक दशांश प्लॉटवर दहा मजले चढवा आणि बाकी सगळी जागा भिंतीआड गाड्यांना द्या, टॉवर झाला. तिन्हींचा एफएसआय एकच. त्या आकड्याच्या दृष्टीनं तिन्ही सारखेच. पण समोरच्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसासाठी ही तीन वेगळी गावं आहेत.

सामासिक अंतराचीही तीच गंमत. नियम म्हणतो रस्त्यापासून किमान इतके मीटर मागे सरका. किमान. जास्तीत जास्त किती, हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. एक इमारत सहा मीटर मागे, शेजारची पंधरा मीटर, तिसरी आडवी. रस्त्याला काठच उरत नाही. नदीला काठ नसेल तर तिला आपण दलदल म्हणतो, रस्त्याला मात्र रस्ताच म्हणत राहतो.

जगात काही शहरांनी या प्रश्नाकडे उलट्या बाजूनं पाहिलं. त्यांनी आधी रस्ता कसा असावा हे ठरवलं आणि मग इमारतीला विचारलं, तू रस्त्याला कशी भेटणार? दर्शनी भिंत कोणत्या रेषेवर येणार, रस्त्याच्या रुंदीच्या मानानं उंची किती, तळमजल्यावर दारं-खिडक्या किती, गाड्या पुढे की मागे. आत दुकान आहे, कचेरी आहे की घर, याबद्दल ही नियमावली बरीच सैल असते. इंग्रजीत तिला फॉर्म-बेस्ड कोड म्हणतात. आपण आकार-नियमावली म्हणू.

नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे. मी ती पहिल्यांदा अनुभवली तेव्हा मला तिचं नावही माहीत नव्हतं. १९८० च्या आसपासची गोष्ट, कॉलेजात होतो. जुलै महिना, व्हीटी स्टेशनला उतरलो, फ्लोरा फाउंटनजवळ एका कचेरीत कागद द्यायचे होते. छत्री नव्हती आणि मुंबईचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून मी जवळजवळ कोरडा पोचलो. गल्ल्यांची तोंडं ओलांडताना भिजलो तेवढाच. कागद शाबूत. त्या वेळी वाटलं, इंग्रजांनी हौसेनं कमानी बांधल्या असतील.

हौस नव्हती, नियम होता. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली आणि पुढे हा रस्ता, तेव्हाचा हॉर्नबी रोड, रुंद झाला. त्यावर इमारती उभ्या राहत असताना १८९६ मध्ये सरकारनं अट घातली की तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी छपराखालचा कमानींचा रस्ता ठेवावाच लागेल. बाकी शैली तुमची तुम्ही ठरवा. म्हणून तिथं पेटिट लायब्ररीची गॉथिक इमारत आहे, पुढे ग्रीक-रोमन खांबांची, आणखी पुढे वेगळ्याच वळणाची. मालक वेगळे, वास्तुविशारद वेगळे, वापर वेगळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभं केलेलं सिद्धार्थ कॉलेजही याच रस्त्यावर. सगळ्यांना बांधून ठेवणारा धागा एकच, ती कमान. बँक गेली, दुकान आलं, कॉलेज आलं, तरी पावसात चालणाऱ्या माणसाचा हक्क तसाच राहिला. आज त्या कमानींत दुचाक्या आणि फेरीवाले यांची गर्दी असते हे खरं, पण ती गर्दीही तिथं सावली आहे म्हणूनच.

त्याच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट वस्त्यांत उजेड-वारा आणण्यासाठी त्यानं एक कोन ठरवला, साडेत्रेसष्ट अंशांचा. इमारत उंच करायची असेल तर समोर तितकी मोकळी जागा हवी, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाशातून उजेड मिळेल. हासुद्धा आकाराचाच नियम. ट्रस्टनंच आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वस्त्यांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना तिथल्या रस्त्यांचं माप अजून आठवत असेल.

मग ही समज हरवली कुठे? माझ्या मते ती आकड्यांत हरवली, आणि सगळीकडे हरवली. न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. १९१५ मध्ये तिथं इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, ३८ मजले, फूटपाथपासून सरळ वर. आजूबाजूचे रस्ते अंधारात गेले, ओरड झाली. १९१६ मध्ये शहरानं नियम केला: ठराविक उंचीनंतर इमारतीनं मागे सरकत जायचं, म्हणजे रस्त्यावर ऊन पडेल. म्हणूनच तिथल्या जुन्या गगनचुंबी इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या केकसारख्या दिसतात. हा आकाराचा नियम होता. १९६१ मध्ये त्याच शहरानं नवी नियमावली आणली आणि मुख्य माप केलं एफएआर. शिवाय, समोर मोकळा चौक सोडलात तर बांधकाम वाढवून मिळेल अशी सवलत. परिणाम असा की टॉवर रस्त्यापासून दूर गेले आणि पुढे बरेच ओसाड चौक उरले. योगायोग बघा, जेन जेकब्ज यांचं अमेरिकन शहरांवरचं गाजलेलं पुस्तक १९६१ चंच. रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असलेल्या लोकांच्या नजरेमुळे, हा त्यांचा मुद्दा होता.

मुंबईतही एफएसआय आला तो १९६० च्या दशकातच. १९९१ च्या नियमावलीत शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे मूळ आकडे होते. मग त्यावर टीडीआर, प्रीमियम, सवलती. सगळं राजकारण, सगळा पैसा या एका आकड्याभोवती फिरू लागला. आकडा मोजता येतो, विकता येतो, कोर्टात दाखवता येतो. ओट्यावर बसण्याचं सुख कोणत्या रकान्यात भरणार?

आता चंदीगड. माझी तिथं दोनदा पोस्टिंग झाली, चंडीमंदिरला, आणि रविवारी आम्ही सहकुटुंब सेक्टर १७ किंवा २२ च्या बाजारात जायचो. एक मराठी माणूस म्हणून पहिली प्रतिक्रिया "किती सरळसोट, रूक्ष" अशी होती. हळूहळू लक्षात आलं की या शहरानं आकारावर देशात सर्वात कडक नियंत्रण ठेवलं आहे. ल कॉर्बुझिए, पिअर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांची ही करणी. बाजारातल्या इमारतींचे खांब, त्यांच्यामधलं अंतर, मजले, पुढचा छपराखालचा व्हरांडा, सगळं आधीच ठरलेलं. आत काय विकायचं ते दुकानदारानं ठरवावं. छोट्या घरांसाठी, म्हणजे दहा मरलापर्यंतच्या प्लॉटसाठी (तिथल्या हिशेबात अडीचशे चौरस वार), फ्रेम कंट्रोल नावाची युक्ती होती. दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंती, त्यांची उंची आणि वरची पट्टी ठरलेली. म्हणजे चित्राची चौकट सरकारची, आतलं चित्र तुमचं. गरिबाचं घर आणि बऱ्यापैकी पगारदाराचं घर एका ओळीत उभं राहिलं तरी रस्ता विस्कटत नाही.

पण चंदीगडनंच मला याची दुसरी बाजूही दाखवली. जेवणानंतर चालायची माझी सवय. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर दारं आहेत, माणसं आहेत. पण सेक्टरांच्या मधून जाणारे मोठे वेगाचे रस्ते, ज्यांना तिथं व्ही-३ म्हणतात, त्यांच्याकडे घरांची दारं उघडतच नाहीत. तशीच आखणी आहे. सेक्टर आत तोंड करून बसतो आणि मोठ्या रस्त्याकडे पाठ फिरवतो. झाडं सुंदर, फूटपाथ आहे, पण रात्री नऊनंतर अर्धा-अर्धा किलोमीटर एक माणूस दिसत नाही. फौजेत आम्ही 'डेड ग्राउंड' म्हणतो. जमिनीचा असा भाग जो तुमच्या मोर्चावरून दिसत नाही, जिथं तुमचा मारा पोचत नाही. शत्रू येतो तो तिथूनच. बायको एकटी त्या रस्त्यानं चालायला तयार नसायची आणि तिला डेड ग्राउंडची व्याख्या कुणी शिकवली नव्हती. तात्पर्य, आकाराचा नियम आहे म्हणून रस्ता आपोआप चांगला होत नाही. नियम लिहिताना रस्त्यावरचा माणूस डोळ्यांसमोर होता की गाडी, यावर सगळं अवलंबून.

चंदीगडमध्ये आणखी एक गाठ आहे. आकार तसाच ठेवून आतली माणसं वाढली तर? जुन्या सेक्टरांतली घरं वाटे पाडून मजल्यागणिक तीन कुटुंबांना विकली जाऊ लागली. बाहेरून घर तेच, पण एका घरापुढे एक गाडी होती तिथं सहा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० जानेवारी २०२३ च्या निकालात न्यायालयानं पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे १ ते ३० सेक्टरांतल्या घरांचं असं अपार्टमेंटीकरण रोखलं. वारसा जपण्याच्या दृष्टीनं निकाल समजण्यासारखा आहे. पण माझा जवान हवालदार होऊन निवृत्त झाला आणि त्याला चंदीगडात घर हवं असेल तर तो कुठे जाणार? तो मोहाली-खरडच्या टॉवरमध्ये जातो. म्हणजे आकडा पुरत नाही तसा नुसता आकारही पुरत नाही. किती लोकांनी राहायचं हा प्रश्न टाळता येत नाही.

जुन्या शहरांत हे चालतं, आजच्या मोठ्या शहरात चालेल का, अशी शंका येईल. अमेरिकेतलं मायामी बघा. २०१० मध्ये त्यांनी अख्ख्या शहराला आकार-नियमावली लागू केली, 'मायामी २१' नावाची. ती आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांच्या कचेरीनं तयार केली होती. टॉवर तिथंही होतातच, भरपूर होतात. पण गर्दीच्या मध्यवर्ती भागात पार्किंगचे मजले रस्त्याला सरळ तोंड करू शकत नाहीत, पुढच्या बाजूला माणसांच्या वापराची जागा असावी लागते, मागे गाड्या. ते वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. माझ्या नकाशातला नेमका हाच मुद्दा.

आमच्याकडे गाड्या खाली आणि माणसं वर का जातात, याचं कारण बिल्डरचा दुष्टपणा नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत, जी मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू आहे, पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये मोजत नाहीत. तळघर खोदणं महाग. मग गाड्या तळमजल्यापासून वर रचायच्या, म्हणजे फ्लॅट उंचावर जातात आणि भावही चढतो. हिशेब चोख आहे. त्याच नियमावलीत समोरचा रस्ता जितका रुंद तितकं बांधकाम जास्त मिळतं. म्हणजे नियमाला रस्ता माहीत आहे, पण फक्त त्याची रुंदी. त्या रस्त्यावर संध्याकाळी कोण बसतं, हे त्याला माहीत नाही.

नियम बदलेपर्यंत थांबायचं का? मी थोडं शोधलं आणि कळलं की नियम किमान सांगतो, त्यापेक्षा चांगलं करायला कुणी मनाई केलेली नाही. रस्त्याकडच्या पहिल्या सहा मीटरमध्ये दुकानं आणि दवाखाना ठेवून पार्किंग मागे ढकलता येतं. दुकानांचं क्षेत्र एफएसआयमध्ये जातं, ही खरी किंमत. पण तळमजल्यावरचं दुकान फ्लॅटपेक्षा चढ्या भावानं विकलं जातं, हे बिल्डरला आमच्यापेक्षा जास्त कळतं. गाड्यांच्या दहा-बारा जागा कमी होतात किंवा यांत्रिक पार्किंग करावं लागतं. भिंत कमरेइतकी ठेवून वर जाळी लावता येते. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला सभासदांचा हॉल आणि वाचनालय घेता येतं, म्हणजे तिथून खाली नजर राहते.

हे सगळं मी सभेत बोलून दाखवलं तेव्हा कुणालाच कळलं नाही. दोष माझाच. मग फौजेची पद्धत वापरली. कारवाईच्या आधी आम्ही सँड मॉडेल करतो, वाळूत अख्खा मुलूख उभा करतो आणि मगच बोलतो. मी पुठ्ठ्याचं केलं. इमारत नाही, रस्ता. समोरची दुकानं, बसथांबा, गुलमोहर, आणि आमच्या बाजूला दोन पर्याय उचलून ठेवता येतील असे. एक भिंतीचा, एक दुकानांचा. क्लब हाउसच्या टेबलावर चार दिवस ते राहिलं. एका काकूंनी भिंतीचा पर्याय ठेवून बोटानं दवाखान्याची जागा शोधली. "आणि डॉक्टर कुठे गेले?" त्या ब्लडप्रेशर तपासायला आठवड्यातून दोनदा तिथं जातात. मी म्हटलं, या नकाशात ते नाहीत. त्यांनी स्वतःच दुसरा पुठ्ठा उचलून तिथं ठेवला आणि मला विचारलं की दवाखान्याला पायऱ्या तीन आहेत की चार, कारण तीनपेक्षा जास्त त्यांना चढवत नाहीत. त्या प्रश्नानंतर आम्ही जोतं खाली आणून रॅम्प दाखवला.

पार्किंग कमी होणार म्हणून विरोधही झाला, आणि तो चुकीचा नव्हता. दोन गाड्या असलेल्या तरुण सभासदांचा प्रश्न खरा आहे. त्यांना यांत्रिक पार्किंगचा देखभाल खर्च वर्षाला किती येईल, हे लेखी हवं आहे, आणि ते मागणं रास्त आहे.

गेल्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा झाली. ४८ पैकी ४१ हजर, ३० जणांनी दुकानांच्या पर्यायाला मत दिलं. बिल्डरनं सुधारित नकाशासाठी सहा आठवडे मागितले आहेत. कंपाउंडच्या भिंतीच्या उंचीवर मात्र एकमत झालेलं नाही, तो विषय पुढच्या सभेत. तुमच्याही सोसायटीत किंवा गावात असं काही चाललं असेल, तर त्या नकाशातल्या तळमजल्याची रस्त्याकडची बाजू आधी बघून घ्या, फ्लॅटचा नकाशा नंतर बघितला तरी चालेल.

पुढच्या भागात आपण फूटपाथच्या रुंदीकडे वळू. जय हिंद.